अडुळसा, सहाण आणि आजीचे वेढे

गेल्या आठवड्यात लेकीला खोकला झाला, पाऊस उघडून ऊन पडायला लागलं की दरवर्षी होतो तसाच, दिवसभर ठीक आणि रात्री आडवी झाली की सुरू. मी गॅलरीतल्या कुंडीतली अडुळशाची पानं तोडली आणि आईला फोन लावला, कारण कृती मला पाठ आहे पण माप मी दरवेळी विचारूनच घेते. आई म्हणाली, "किती वर्षांची झाली गं ती आता? सात ना? मग एक चमचा, सकाळी आणि रात्री, आणि तीन दिवसांच्या वर नाही हं." हे शेवटचं वाक्य आईचं नाही, आजीचं आहे, आई नुसती तिच्या सुरात म्हणते.

माझं आजोळ गुहागरकडचं. परसात गडग्याला लागून अडुळसा होता, गुरं आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावायचा, वर आणि औषधही. पांढरी फुलं यायची आणि पान चुरगळलं की एक उग्र वास. आम्ही मुलं खोकायला लागलो की आजी पिकलेली, पिवळसर झालेली पानं निवडून आणायची. आता गंमत अशी आहे की अडुळशाचं कच्चं पान कितीही कुटा, रस धड सुटत नाही. म्हणून ती पानं केळीच्या पानात गुंडाळायची, वरून दोऱ्याने बांधायची आणि चुलीतल्या गरम राखेत पुरून ठेवायची, पानं मऊ होऊन काळपट पडली की फडक्यात घालून पिळायची, आणि तो कडू रस मधात कालवून चाटवायची. आयुर्वेदात ह्याला पुटपाक म्हणतात हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, आजी ह्याला नुसतं "पानं भाजणं" म्हणायची. माझ्याकडे चूल नाही, मी पानं धुऊन कुकरच्या भांड्यात दहा मिनिटं वाफवते आणि पिळते, रस येतो, पण राखेतल्या रसाला जो धुरकट वास असायचा तो नाही येत.

आणि हे काही नुसतं आजीचं प्रेम म्हणून बरं वाटतं असं नाही बरं का. अडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारं औषध बनवलं गेलं, आणि अँब्रोक्सॉल त्याच घराण्यातलं. खोकल्याच्या बाटलीवरची नावं वाचा, यातलं एखादं बऱ्याचदा दिसतं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका आनंद झाला की मी आईला रात्री साडेदहाला फोन केला होता.

पण त्याच व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही. आजीला व्हॅसिसीन माहीत नव्हतं पण मामी गरोदर असताना खोकून हैराण झाली होती तेव्हा आजीने तिला गरम पाणी आणि मिठाच्या गुळण्यांवर ठेवलं, अडुळशाला हात लावू दिला नाही, हे आई अजून सांगते. मला वाटतं आपण आजीच्या बटव्यातली पानं, मुळं लक्षात ठेवली आणि ही अर्धी बाजू विसरलो. कधी द्यायचं नाही, किती द्यायचं, कधी थांबायचं.

बाळघुटीचंच बघा. सहाणेवर थोडं आईचं दूध घेऊन एकेक मुळी उगाळायची, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम. माप चमच्यात नसायचं, वेढ्यांत असायचं. मुळी सहाणेवर एकदा गोल फिरवली की एक वेढा. पोट दुखत असेल तर मुरुडशेंगेचा एक वेढा जास्त, शी पातळ होत असेल तर हिरडा बंद, आणि जायफळ अर्धाच वेढा, "जास्त झालं तर पोर ग्लानीत पडेल" असं ती म्हणायची, आणि जायफळ जास्त झालं तर ते खरंच विषारी ठरतं. केवढं बारीक माप आहे हे! आता तयार घुटीची पूड मिळते, सगळं एकत्र दळलेलं, त्यात वेढा कुठून येणार.

इथे एक खरं सांगते, मी माझ्या मुलीला घुटी दिली नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात नाही, कारण मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो. आईला वाईट वाटलं, दोन दिवस फोनवर जरा तुटक बोलत होती. मला डॉक्टरांचं पटलं होतं आणि आजही पटतं. सहाण मात्र मी आईकडून मागून आणली आहे, ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी असते, सर्दीने डोकं धरलं की सुंठ उगाळून कपाळाला लावायला.

माप सुटलं की काय होतं ते मी घरातच पाहिलंय. २०२१ मध्ये कोविडच्या भीतीने सगळेच काढे पीत होते, माझ्या सासऱ्यांना घसा खवखवायचा म्हणून कुणीतरी ज्येष्ठमध चघळायला सांगितलं. बरं वाटलं म्हणून ते चघळतच राहिले, दोन महिने, दिवसातून पाच-सहा कांड्या, आम्ही कुणी लक्षच दिलं नाही कारण ज्येष्ठमधाने काय होणार. पाय सुजले, गोळी चालू असून बीपी उतरेना, तपासलं तर रक्तातलं पोटॅशियम खाली. डॉक्टरांनी "काही घरगुती घेताय का" असं विचारलं म्हणून कळलं. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं, बीपीवाल्यांनी तर ते असं रोज घ्यायचंच नाही. बंद केल्यावर काही आठवड्यांत सगळं जागेवर आलं, पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

त्याच वर्षी गुळवेलीचंही तसंच, रोज रिकाम्या पोटी, महिनोन्महिने. मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला त्रास झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. मी स्वतः गुळवेल बंद केली, इतकंच. आणि ती कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी आठवते? ऑक्सिजन वाढतो म्हणून फॉरवर्ड फिरत होता. ऑक्सिजन वाढत नाही त्याने, आणि कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर फिट येऊ शकते. आजीची पुरचुंडी तव्यावर गरम केलेल्या ओव्याची असायची, कापूर नाही, आणि ती आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची.

बाकी साधंसुधं आमच्याकडे रोज चालू असतं. पोटात गुबारा धरला की ओवा आणि चिमूटभर सैंधव. पावसात भिजून आलं की गवती चहा आणि आलं. (गॅलरीत ते जाड मखमली पानांचं "ओव्याचं झाड" असतं ना, त्याला ओवा येत नाही हं, वास सारखा आहे म्हणून ते नाव, ओव्याचं रोप कोथिंबिरीसारखं नाजूक असतं. भजी मात्र जाड पानांचीच.) अंगावर पित्त उठून गांधी आल्या की आमसूल भिजवलेलं पाणी अंगाला लावायचं, कोकणात हे घरोघरी, खाज शांत होते. पण ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर आमसूल शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आजीचा तीन दिवसांचा नियम सगळ्याला लागू असायचा. तिसऱ्या दिवशी उतार पडला नाही की सकाळच्या एसटीने डॉक्टरकडे, तिथे ती एका शब्दाने वाद घालत नसे, उलट काय काय आणि किती दिलं ते सगळं डॉक्टरांना सांगायची. आणि श्वास घेताना मुलाच्या बरगड्या आत जायला लागल्या तर तीन दिवसही नाहीत, तेव्हाच्या तेव्हा.

लेकीचा खोकला दुसऱ्या रात्री सैल झाला, तिसऱ्या रात्री झोपली नीट. रस थोडा उरला होता तो मी टाकून दिला. अडुळशाच्या चार फांद्या दुधाच्या पिशव्यांत लावून ठेवल्यात, दोन फुटल्या आहेत, एक खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मागितली आहे. त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे, म्हणून रोप देताना ते आधी सांगणार आहे.