सत्तेचाळीस नावांचा कागद

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आठवडाभर दुकानात इंजिनिअरिंगच्या कट-ऑफ याद्यांशिवाय दुसरं काही छापलं नाही. निम्म्या बार्शीची पोरं बारावी झालीत की काय कोण जाणे. काउंटरवर पालक विचारतात, "ह्या जीओपन-एलओपनच्या शेवटी एच काय अन् एस काय?" मीही तज्ज्ञासारखा सांगतो: एल म्हणजे मुलींची जागा, एच म्हणजे आपल्या विद्यापीठाची, ओ बाहेरच्यांची, एस राज्यभराची. झेरॉक्सचे दोन रुपये, सल्ला फुकट. घरची, आमच्याच पोरीच्या कॉलेजांची यादी मात्र आजपर्यंत हललेली नव्हती.

पोरीला सीईटीत ९३ पर्सेंटाइल. पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या कॉम्प्युटरकडे बघायचं कारण नाही, ते ९९ च्याही वर बंद होतं. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये ३०० पर्याय भरता येतात म्हटल्यावर मी उत्साहात ४७ नावं लिहून काढली. वाटलं, जितकी जास्त तितकं बरं. पण यंदाच्या नियमाने पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तोच पक्का. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला कुठलाही, तिसरीत पहिल्या सहांतला. मग 'नको, पुढच्या फेरीत बघू' म्हणायची सोय नाही. म्हणजे वरच्या सहा ओळींत उगाच एकही नाव नको.

जेवण झाल्यावर दोघं खोडायला बसलो. फीवरून फार काही खोडावं लागलं नाही. आम्ही ओबीसीत, उत्पन्न आठ लाखांच्या आत, आणि २०२४ पासून अशा मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. राहिला हॉस्टेल-मेसचा खर्च. चकचकीत माहितीपत्रकवाली पाच-सहा कॉलेजं तिनेच उडवली. एकाच्या प्रयोगशाळेच्या फोटोत खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. तिने बोट ठेवून दाखवलं तेव्हा मला दिसलं.

सांगलीचं वालचंद आणि कराडचं सरकारी, दोन्हीकडे इलेक्ट्रिकल, यावर आमचं एकमत. गाडी अडली नांदेडच्या एसजीजीएस कॉलेजवर. तिला तिथलं इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांची शाखा, वर हवं, सीओईपीच्या इन्स्ट्रुमेंटेशनखाली लगेच, दोन नंबरला. मी म्हणत होतो सोलापूरचं कॉम्प्युटर. हिचं इन्स्ट्रुमेंटेशनचं वेड दुकानातलंच. दहावीच्या सुट्टीत झेरॉक्स मशीनचा फ्यूजर, म्हणजे शाई तापवून कागदावर पक्की करणारा भाग, गेला होता, दुरुस्तीवाला आला, तर ही त्याच्या शेजारी मांडी घालून बसली आणि तापमान कळतं कसं, ते विचारून विचारून त्याला भंडावलं. दोन महिन्यांनी पुन्हा तोच एरर आला तेव्हा सेन्सर पुसून मशीन चालू केलं तिनेच. हे मला आठवतंय, तरी मी सोलापूरच म्हणत होतो. कॉम्प्युटरला नोकऱ्या असतात, वगैरे वगैरे.

तिने कागद माझ्या हातून ओढला आणि समासाकडे बघत बसली. तिथे पेन्सिलीने मी बारीक आकडे लिहिले होते. सोलापूर, दीड तास. पंढरपूर, दोन. पुणे, पाच. नांदेडपुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

"पप्पा, तुम्ही कट-ऑफ बघतच नाही. एसटीचं वेळापत्रक लावताय."

हिची आई भांडी घासता घासता हसली. मी म्हटलं, लातूरला गाडी बदलायची, रात्री-बेरात्री पोहोचणार, एकटी पोर.

"पनवेल-नांदेड एक्स्प्रेस बार्शीवरूनच जाते की. एका गाडीत थेट."

जाते. रोज जाते. तिची शिट्टी दुकानात ऐकू येते. मी जन्मभर इथे, आजोबा नॅरोगेजने कुर्डुवाडीला जायचे ते किस्से पाठ, आणि ही गाडी माझ्या हिशोबात आलीच नव्हती. आली नव्हती की येऊ दिली नव्हती, ते कागदावर लिहायला नको.

साडेदहापर्यंत १९ नावं उरली. नांदेड दोनवर गेलं. सोलापूरच्या कॉम्प्युटरला तिने आठवा नंबर दिला, तोही माझं मन राखायला. सातवा द्या म्हटलं, तर नाही म्हणाली.

उद्या दुकान उघडायच्या आधी फॉर्म भरून लॉक करायचा. त्याआधी यादी एकदा स्वच्छ कागदावर उतरवायची आहे, समास कोरा ठेवून. जुना कागद तिने मागितला होता. कशाला, ते विचारलं नाही. मी तो गल्ल्यात ठेवलाय.