न उचललेला फोन: आत्मपर कवितेत काय बदलावं, काय नाही

आत्मपर कविता वाचून दाखवली की एक प्रश्न हमखास येतो: हे खरंच घडलं का? लिहिणाऱ्याची उत्तरंही ठरलेली असतात. कुणी म्हणतं, ‘अक्षर न् अक्षर खरं आहे’, जणू तेवढ्याने कविता चांगली ठरते. कुणी म्हणतं, ‘कवितेत सगळं चालतं’. खर्ड्यासमोर बसल्यावर यातलं एकही उत्तर उपयोगी पडत नाही, कारण तिथे प्रश्न फार बारीक होऊन येतो. फोन दुपारी आला होता, ओळीत ‘रात्र’ चांगली बसते आहे. बदलू का? खोलीत तिघं होते, तिसऱ्याला काढलं तर कविता मोकळी होते. काढू का?

एक घटना कल्पू आणि तिच्यावरच काम करून पाहू. वडिलांचा फोन आला. मुलाने नाव पाहिलं आणि उचलला नाही. कारण मोठं नव्हतं, कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच फोन केला. दोन मिनिटं बोलणं झालं, तेही विजेचं बिल जास्त आलं म्हणून. चार दिवसांनी वडील गेले.

यावरचा पहिला खर्डा बहुतेक वेळा असा उतरतो:

तुमचा शेवटचा फोन
मी उचलला नाही
आता रोज रात्री
तो वाजत राहतो

ओळी सुबक आहेत, ऐकणाऱ्याला भिडतीलही. पण दुसऱ्या दिवशीचा फोन गेला कुठे? लिहिणारा म्हणेल, मी स्वतःला वाचवण्यासाठी काही लपवलेलं नाही, उलट दोष जास्तच घेतला आहे. मला अडचण नेमकी तिथेच दिसते. मोठा, स्वच्छ अपराध मिरवता येतो. वाचक हळहळतो, क्षमा करतो आणि पान उलटतो. प्रत्यक्षात जे घडलं ते याहून लहान आणि याहून अवघड आहे: बोलायची संधी मिळाली होती, ती बिलावर खर्च झाली, आणि दोघांनाही दुसरं काही बोलायची सवय नव्हती. दुसरा फोन गाळल्यावर नेमकं हेच नाहीसं होतं.

आता हा खर्डा पाहा:

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला
तुम्ही म्हणालात, बिल जास्त आलंय
मी म्हटलं, मीटर तपासून घ्या
मग दोघंही थांबलो
आधी कोण ठेवतंय
याची वाट पाहत

शेवटच्या तीन ओळींतलं थांबणं कदाचित घडलेलं नसेल. मुलाला ते आठवत नाही, त्याने ते रचलं. माझ्या मते हे रचणं पूर्ण वैध आहे. ते थांबणं या दोघांच्या नात्यातलंच आहे. त्या दिवशी नसेल, तर आधीच्या शंभर फोनांत होतं. पहिल्या खर्ड्यात एकही घटना रचलेली नाही, फोन खरोखरच उचलला नव्हता. (‘शेवटचा’ हा शब्दसुद्धा खरा, वडिलांनी केलेला तो शेवटचाच फोन.) तरी तो खर्डा खोटा आहे, कारण त्याने नात्याचा आकार बदलला. म्हणून बदल करताना ‘हे घडलं का’ याच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात. या बदलाने कवितेतला ‘मी’ आणि समोरचा माणूस यांच्यातलं काही सरकलं का? आणि सरकलं असेल तर त्यातून कुणाला काय मिळालं? ‘मी’ जास्त चांगला दिसू लागला तर संशय घ्यावा. ‘मी’ जास्त दुःखी किंवा जास्त दोषी दिसू लागला तरीही घ्यावा.

हे तपासायचं तर काय बदललं याची नोंद हवी, आणि ती स्मरणावर सोडून चालत नाही. कविता तीन-चार वेळा लिहिली की लिहिणाऱ्याला रचलेली खोलीच आठवू लागते. यासाठी ओळी सुचायच्या आधीच, निदान पहिल्या खर्ड्यानंतर लगेच, गद्यात टिपण काढावं. वीस मिनिटं पुरतात. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, हाताला लागलेलं तेवढंच लिहायचं. ‘उदास संध्याकाळ’ टिपणात नको. उदास हा निष्कर्ष आहे, तपशील नाही. ‘दिवा लावला नव्हता’ हा तपशील. पंधरा ते पंचवीस तपशील निघतात, प्रत्येकापुढे एक अक्षर टाकायचं: ‘ख’ म्हणजे खात्रीचं, ‘अं’ म्हणजे अंधूक, ‘ऐ’ म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलेलं. लहानपणीच्या प्रसंगांत ‘ऐ’ अपेक्षेपेक्षा फार जास्त निघतात. त्यांतही फोटोतून आलेल्या आठवणी वेगळ्या ओळखाव्यात. प्रसंगात आपण स्वतःच बाहेरून, चेहऱ्यासकट दिसत असू, तर तो तपशील डोळ्यांचा नाही, फोटोचा, कुणाच्या तरी सांगण्याचा किंवा मनाने नंतर रचलेला असू शकतो. तो वापरायला हरकत नाही, फक्त ‘मी पाहिलं’ असं म्हणून वापरू नये.

पंचवीसपैकी कवितेत चार-पाच तपशील राहतात. बाकीचे गाळणं हासुद्धा बदलच, आणि वरच्या उदाहरणात दिसलं तसं सगळ्यात जास्त खोटं गाळण्यातून शिरतं. पुढच्या खर्ड्यांत काही बदललं की समासात कारण लिहावं, एका शब्दात: वजन (ओळीची लय), यमक, ओळख (कुणाची तरी लपवायची म्हणून), लाज. पहिल्या तिघांवर उपाय असतात. ‘लाज’ लिहावं लागलं तर मात्र तिथे थांबावं आणि मूळ तपशील निदान एका खर्ड्यापुरता परत आणून पाहावा.

छंदात लिहिणाऱ्यांनी यमकाकडे विशेष लक्ष द्यावं, कारण मराठीत यमक सहज सापडतं आणि ते घटनेला गुपचूप वळवतं. मोठ्या अभंगाचा साचा घेऊ: चार चरण, अक्षरं सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. आपलीच घटना त्यात घालायला गेलं की असं काहीतरी होतं:

दुपारची वेळ
फोन वाजे खोल
हरवला बोल
तुमचाच

अक्षरं बरोबर आहेत. पण फोन खोल वाजत नाही. ‘खोल’ आलं ते ‘बोल’साठी. आणि ‘बोल’ हरवला नव्हता, दुसऱ्या दिवशी बिलाबद्दल चांगला दोन मिनिटं चालला होता. म्हणजे पहिल्या खर्ड्यातून हाकललेलं खोटं यमकाच्या दारातून परत आत आलं. यावर उपाय म्हणजे जो तपशील अजिबात सोडायचा नाही, तोच यमकाच्या जागेवर आधी बसवायचा आणि बाकीचं त्याच्याभोवती रचायचं:

दुसऱ्या दिवशी
बिल जास्त आलं
बोलणंही झालं
तेवढंच

इथे ‘आलं’ आणि ‘झालं’ ही दोन्ही क्रियापदं घटनेतलीच आहेत, त्यामुळे यमकाने काही हिसकावून नेलं नाही. शेवटच्या चार अक्षरांना तर साच्याचा फायदाच झाला, कारण आखूड चरण आणि आखूड बोलणं जुळून आलं. गझलेत हा धोका आणखी मोठा असतो. एक काफिया, म्हणजे यमक, पाच-सात शेरांत (दोन-दोन ओळींच्या कडव्यांत) निभवायचा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या शेरापर्यंत आपल्या आयुष्यात नसलेली माणसं आणि गावं यायला लागतात. ज्या कवितेत घटनेचा क्रम महत्त्वाचा आहे, ती गझलेत घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कवितेतला ‘मी’. संस्कृत साहित्यशास्त्रात यासाठी एक उपयोगी वाटणी आहे. ११व्या शतकातला मम्मट ‘काव्यप्रकाशा’त व्यंजक अर्थाचे, म्हणजे स्वतःपलीकडचं काही सुचवणाऱ्या अर्थाचे, तीन प्रकार सांगतो: जगात आपोआप संभवणारा तो स्वतःसंभवी, कवीच्या कल्पनेने सिद्ध झालेला तो कविप्रौढोक्तिसिद्ध, आणि कवीने निर्माण केलेल्या वक्त्याच्या कल्पनेने सिद्ध झालेला तो कविनिबद्धवक्तृप्रौढोक्तिसिद्ध. नाव लांबलचक आहे, पण तिसऱ्या प्रकारात कवी आणि बोलणारा यांच्यात सरळ रेघ ओढली आहे. आत्मपर कवितेतला ‘मी’ही असा बांधलेलाच असतो. त्याला आपल्यापेक्षा कमी कळतं, किंवा तो आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतो. एक चूक नेहमी दिसते: ‘मी’ आठ वर्षांचा आहे आणि तिसऱ्या कडव्यात तो चाळिशीतलं शहाणपण बोलतो. प्रत्येक ओळीपुढे बोलणाऱ्याचं वय लिहिलं की ही गल्लत लगेच दिसते.

मराठीत ‘मी’ बांधताना व्याकरणही बोलतं. ‘मी उठलो’, ‘मी उठले’ यात बोलणाऱ्याचं लिंग उघड होतं. ‘मी बसतो’, ‘मी बसते’ यातही. पण ‘मी फोन उचलला’ यात होत नाही, कारण क्रियापद फोनच्या मागे जातं. ‘मी उठेन’ यातही होत नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून लिहायचं असेल, किंवा बोलणारा कोण हे काही ओळी झाकून ठेवायचं असेल, तर भूतकाळातली सकर्मक क्रियापदं आणि भविष्यकाळ मदतीला येतात. पाचव्या-सहाव्या ओळीत ‘उठले’ आलं की वाचकाचं चित्र एकदम बदलतं. हे ठरवून केलं तर ताकद असते, नकळत झालं तर धांदल. असंच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचं. वडिलांना उद्देशून ‘आपण थांबलो’ म्हटलं की ते आत येतात. ‘आम्ही थांबलो’ म्हटलं की ते ऐकणारे राहत नाहीत, कविता त्यांच्याबद्दल तिसऱ्याच कुणाला तरी सांगू लागते. आणि आयुष्यभर ज्यांना ‘तुम्ही’ म्हटलं त्यांना एका अक्षराच्या सोयीसाठी ‘तू’ करू नये. त्या एका अक्षरात पूर्ण घर बदलतं.

दुसऱ्या माणसाचे शब्द हा मात्र वेगळा आणि नाजूक भाग. रॉबर्ट लॉवेल या अमेरिकन कवीने ‘द डॉल्फिन’ या १९७३च्या संग्रहात आपली पूर्वाश्रमीची पत्नी, लेखिका एलिझाबेथ हार्डविक, हिच्या पत्रांतला मजकूर वापरला, आणि तोही बदलून. त्याची जवळची मैत्रीण, कवयित्री एलिझाबेथ बिशप हिने १९७२मध्ये हस्तलिखित वाचून त्याला पत्राने कळकळीने विरोध कळवला होता. तिचा आक्षेप खऱ्या आणि रचलेल्याची सरमिसळ करण्याला होता: पत्रं त्या बाईची आहेत, आणि ती बदलली आहेत. १९७४चं पुलित्झर पारितोषिक त्या संग्रहाला मिळालं, पण प्रश्न मिटला नाही.

हीच बिशप स्वतःच्या कवितेत तपशील बदलायला कचरत नसे. ‘इन द वेटिंग रूम’ या कवितेतली जवळजवळ सात वर्षांची मुलगी ‘नॅशनल जिओग्राफिक’चा फेब्रुवारी १९१८चा अंक चाळते, पण कवितेत वर्णन केलेली काही चित्रं त्या अंकात नाहीत. मला यात विसंगती दिसत नाही. अंकातली चित्रं हलवली तर त्या मुलीला झालेली जाणीव हलत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडी न बोललेलं वाक्य जात नाही. व्यवहारातली काळजी एवढीच की महिना-वर्षासकट अंक सांगितला की कुणीतरी तो काढून पाहणारच. पडताळता येणारी गोष्ट रचायची असेल तर आकडा देऊ नये, आकडा द्यायचा असेल तर तपासून द्यावा.

म्हणून पत्र, चिठ्ठी, मेसेज यांतलं वाक्य घेतलं तर ते अवतरणात आणि जसंच्या तसं असावं, आणि ते लिहिणारा हयात असेल तर विचारून. बदलायचंच असेल तर अवतरणचिन्हं काढून त्याचा आशय ‘मी’च्या शब्दांत सांगावा, म्हणजे जबाबदारी ‘मी’वर येते. आठवणीतलं बोलणं यापेक्षा सैल असतं. तिथे शब्द रचावेच लागतात. पण ‘बिल जास्त आलंय’ याच्या जागी ‘तुझी आठवण येते’ घातलं, तर वडिलांना ते कधीच न बोललेलं वाक्य आपण त्यांच्या परवानगीशिवाय बोलायला लावलं.

ओळख लपवायची असेल तर नाव बदलून भागत नाही. व्यवसाय, नातं, शारीरिक खूण आणि प्रसंग यांतलं काहीही दोन मिळून माणूस ओळखू येतो, तेव्हा निदान दोन गोष्टी हलवाव्या लागतात. कवितेचा अर्थ ज्यावर टेकलेला नाही अशाच हलवाव्यात. आत्याची मावशी केली तर भांडण वडिलांच्या बाजूचं आईच्या बाजूला जातं. शिक्षिकेची परिचारिका केली तर बहुधा काही बिघडत नाही, पण हातातला खडू तेवढा आठवणीने काढावा लागतो.

छापायच्या आधी संबंधित माणसाला कविता दाखवायची असेल तर शेवटचा खर्डा दाखवावा, पण पक्का झाला असं मनाशी ठरवण्याआधी. कागदावर द्यावी, समोर बसून वाचून दाखवू नये. समोर असताना माणसं भिडेपोटी ‘छान आहे’ म्हणतात. दोन-तीन दिवसांनी विचारावं. बहुतेक हरकती भावनेवर नसतात, तपशिलावर असतात: बिल विजेचं नव्हतं, पाण्याचं होतं; किंवा, फोन ठेवायच्या आधी वडिलांनी तुला विचारलं होतं, जेवलास का. पहिली हरकत बाजूला ठेवली तरी चालेल. दुसरी ऐकल्यावर टिपणाचा कागद काढून त्यावर ‘ऐ’ लिहावं आणि त्या थांबण्याच्या शेवटच्या तीन ओळी पुन्हा लिहायला बसावं.