फाईल टेबलावर आहे

गेले अडीच महिने आमच्या घरी रोज सायंकाळी साडेसातच्या सुमारास बाबा बातम्यांचा आवाज कमी करतात आणि माझ्याकडे न पाहता विचारतात, "उघडलं का ऑफिस?" हे ऑफिस मिरजेतले नव्हे, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, आणि तिथली माणसे पाच वाजता घरी जायला निघतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन होतात. म्हणजे माझे भवितव्य ठरवणारी कचेरी आमची जेवणे होण्याच्या आधी उघडते आणि मिरज जंक्शनवरून जाणाऱ्या रात्रीच्या बहुतेक गाड्यांच्या शिट्ट्या ऐकून झाल्यावर बंद होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेने आपली घड्याळे एक तास पुढे केली आणि ते ऑफिस साडेसहालाच उघडू लागले, तेव्हा बाबांनी कोणी न सांगता आपला संध्याकाळचा फेरफटका एक तास अलीकडे घेतला. निवृत्त माणसाच्या दिनक्रमात एवढा बदल करणे आजवर आईलाही जमलेले नव्हते.

मी राज्यशास्त्राच्या पीएच.डी.साठी आठ विद्यापीठांकडे अर्ज केले आहेत. ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरून झाले. एकेका अर्जात उद्देशपत्र, पंचवीस पानांचा लेखननमुना, गुणपत्रिका, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणि तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे, शिवाय साधारण शंभर डॉलर फी. फीचा आकडा ऐकून बाबा म्हणाले होते, "आमच्याकडे माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागायचं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागायचं. हे लोक एवढे पैसे घेऊन कधी उत्तर देतात?" मी म्हटले, ते त्यांच्या मनावर आहे. कार्डाने पैसे भरायचे काम त्यांनी न बोलता केले, आठही वेळा.

या प्रतीक्षेत मला विशेष अवघडल्यासारखे होते, त्याचे कारण माझ्या उद्देशपत्रात आहे. मला ज्या विषयावर संशोधन करायचे आहे तो विषय म्हणजे प्रतीक्षाच. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी एका तालुक्याच्या कचेरीबाहेरील बाकावर सहा आठवडे बसले होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबाऱ्यावरची नोंद अशा कामांसाठी कोण येते, कोण किती वेळ थांबते, कोण कोणाशी बोलते, कोणाला बसायला सांगतात आणि कोणाला नुसतेच "उद्या या" म्हणतात, हे मी वहीत टिपत असे. सरावलेली माणसे कारकुनाचे टेबल नजरेच्या टप्प्यात येईल अशीच जागा धरतात, हे माझ्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आले. साहेबांची गाडी आवारात आहे की नाही, गाडी असली तर चालक आत बसला आहे की टपरीवर गेला आहे, यावरून ती कामाचा अंदाज बांधतात, आणि तो पुष्कळदा बरोबर निघतो. एक म्हातारे गृहस्थ भर उन्हाळ्यात तीन तास पाण्यालाही उठले नाहीत. कोपऱ्यातल्या माठापर्यंत जाऊन यायला अर्धा मिनिट लागले असते. मी विचारले, तेव्हा म्हणाले, "तेवढ्यात नाव पुकारलं म्हंजे?"

हा प्रसंग मी उद्देशपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात घातला आणि त्याखाली, वाट पाहायला लावणे हा सत्तेचा एक व्यवहार आहे, अशा अर्थाचे एक ठसठशीत वाक्य लिहिले. ते वाक्य आठ विद्यापीठांना पाठवून झाले आणि दोन महिन्यांनी मी आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरोबर नेऊ लागले.

लेखननमुना तयार करतानाही एक शब्द अडला होता. बाकावरची माणसे सारखी म्हणत, "चार खेटे घातले", "किती खेटे घालायचे". खेट्यांना मला इंग्रजीत काही केल्या जागा सापडेना. शेवटी 'वारंवार भेटी' अशा अर्थाचे दोन कोरडे शब्द लिहून मी मोकळी झाले, आणि खेट्यांमधली चपलांची झीज, एस.टी.चे तिकीट, बुडालेला रोज हे सगळे त्या भेटींमधून गळून पडले. आता कळते की खेटे घालता येणे ही देखील एक सोय असते. खेटे घालायला एक दार लागते, दाराशी शिपाई लागतो, शिपायाला "जरा बघा की" म्हणता यावे लागते. माझ्यापुढे फक्त एक पोर्टल आहे आणि त्यावर डिसेंबरपासून एकच ओळ आहे: अर्ज पूर्ण असून विचाराधीन आहे.

बाबांना या ओळीचे काहीच नवल वाटले नाही. ते महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. म्हणजे ज्या बाकाचा मी अभ्यास केला त्याच्या पलीकडल्या बाजूला त्यांनी तीस वर्षे काढली आहेत. लोकांना ते काय उत्तर देत, हे मी एकदा त्यांना विचारले होते. "खरं तेच सांगायचो," ते म्हणाले, "फाईल टेबलावर आहे." या वाक्याचा अर्थ त्यांनी समजावून दिला, तो असा की फाईल हरवलेली नाही, फेटाळलेली नाही आणि हललेलीही नाही. ते खोटे नसते आणि त्यातून माहितीही मिळत नाही. समोरचा मनुष्य मात्र थोडा समाधानाने घरी जातो, कारण टेबल तरी आहे हे त्याला कळते.

अमेरिकी प्रवेशप्रक्रियेचे त्यांनी केलेले विवेचनही याच अनुभवातून आलेले आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की ते अचूक आहे. विभागातल्या चार-पाच प्राध्यापकांची समिती शेकडो अर्ज वाचते आणि नावे सुचवते. पण अधिकृत पत्र काढते ते विद्यापीठाचे वरचे प्रशासन. "म्हणजे टिपणी खालून गेली, सही वरची राहिली," बाबा म्हणाले. प्राध्यापकांची शिफारसपत्रे मला दिसणार नाहीत, हे मी सांगितले तेव्हा तर त्यांचा चेहरा उजळला. तिथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क १९७४ च्या एका कायद्याने मिळालेला आहे, पण अर्ज भरतानाच, शिफारसपत्रांपुरता तो हक्क सोडता का, असे विचारतात आणि बहुतेक सगळे तो सोडतात. कारण न सोडणाऱ्याच्या पत्राला वजन राहत नाही, असा समज आहे. "गोपनीय अहवाल!" बाबा म्हणाले. त्यांच्या नोकरीत त्यांच्याविषयी दरवर्षी असा अहवाल लिहिला जाई. एका वर्षी त्यात काय लिहिले गेले म्हणून बढती लांबली, याचा तर्क ते अजून करत असतात.

तर्क करणे हाच आता माझाही उद्योग झाला आहे. निकाल जानेवारीच्या अखेरीस यायला लागतात आणि मार्चभर येत राहतात. त्यांचा क्रमही साधारण ठरलेला असतो. आधी होकार जातात, मग प्रतीक्षा यादी आणि नकार सर्वांत शेवटी. त्यामुळे एखाद्या विभागाने दुसऱ्या कोणाला होकार कळवल्याचे समजले आणि आपल्याला काहीच आले नाही, तर ती शांतता हाच निकाल असू शकतो. असू शकतो एवढेच, कारण काही ठिकाणी होकार दोन-तीन तुकड्यांत जातात, आणि तौलनिक राजकारणाचे अर्ज एका आठवड्यात तर राजकीय सिद्धांताचे दुसऱ्या आठवड्यात असेही घडते. एम.ए.ला आम्हाला शिकवले होते की नवी माहिती आली की आधीचा अंदाज त्या प्रमाणात बदलावा. मी तसा तो बदलत असते. हैदराबादच्या मैत्रिणीला एका विद्यापीठाचा होकार आला त्या रात्री मी तिथली माझी शक्यता निम्म्यावर आणली; दुसऱ्या दिवशी तिचा विषय आंतरराष्ट्रीय संबंध आहे हे आठवून पुन्हा थोडी वाढवली. एका प्राध्यापकांनी ऑक्टोबरमध्ये माझ्या पत्राला उत्तर देताना "विषय रंजक आहे" असे लिहिले होते. त्या तीन शब्दांचे मी इतके अर्थ लावले आहेत की साहेबांच्या गाडीवरून अंदाज बांधणाऱ्या माणसांवर लिहिलेले माझे ते प्रकरण आता मला पुन्हा वाचवत नाही.

पहिला निकाल फेब्रुवारीत आला. रात्रीचे सव्वादोन झाले होते. घरात सगळे झोपले होते, आणि स्टेशनच्या बाजूने मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा लांबलचक आवाज येत होता. ईमेलमध्ये फक्त एवढेच होते की तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे, कृपया पोर्टलवर पाहावे. पोर्टलने पासवर्ड मागितला. आठ विद्यापीठांचे आठ पासवर्ड मी एका वहीत लिहिले होते, आणि ती वही आईबाबांच्या खोलीतल्या कपाटात होती. अंधारात कपाट उघडताना त्याचे दार नेहमीप्रमाणे करकरले. आई उठून बसली. बाबा कूससुद्धा न बदलता म्हणाले, "निळी वही, वरच्या कप्प्यात." पत्र उघडले. ते दोन परिच्छेदांचे होते. होकाराचे पत्र लांब असते, त्यात शिष्यवृत्तीचे आकडे असतात, हे मला ठाऊक होते. त्यामुळे वाचण्याआधीच, कागदावरच्या पांढऱ्या जागेवरून मला उत्तर समजले होते. तरी मी ते शेवटपर्यंत वाचले. यंदा अर्जदारांची गुणवत्ता असामान्य होती, असे त्यात लिहिले होते. पुढे आलेल्या नकारांमध्येही हेच वाक्य थोड्या फरकाने होते, त्यामुळे यंदा आम्ही सगळेच असामान्य होतो असे दिसते.

आजचा हिशेब असा: पाच नकार. एका ठिकाणाहून अद्याप अक्षर नाही. एका विद्यापीठाने पीएच.डी.ला नाही म्हणून, त्याऐवजी स्वखर्चाने एम.ए. करण्याचे आमंत्रण दिले. ते शुल्क रुपयांत करून पाहिल्यावर बाबांनी चष्मा काढून ठेवला. आणि एका ठिकाणी मी प्रतीक्षा यादीत आहे.

प्रतीक्षा यादी हा शब्द मिरजेत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण रेल्वेच्या यादीत एक आकडा असतो. तेवीसवरून अकरावर आलो, अकरावरून चारावर आलो, असे माणसाला सांगता येते, आणि चार्ट लागला की सोक्षमोक्ष होतो. या यादीत आकडाच नाही. तिथे मी कितवी आहे, असे नम्रपणे विचारले तर क्रमवारी लावलेली नाही, असे तितकेच नम्र उत्तर आले. नावाजलेले विभाग पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला साधारण पाच वर्षे शिक्षणशुल्क माफ करतात आणि वर विद्यावेतन देतात. त्यामुळे एक जागा म्हणजे पाच वर्षांचा खर्च असतो आणि जागा मोजक्याच असतात. त्यातच २०२५ साली केंद्रीय संशोधननिधी डळमळीत झाल्यावर अनेक अमेरिकी विद्यापीठांनी त्या आणखी कमी केल्या. होकार मिळालेल्यांपैकी कोणीतरी दुसरीकडे गेले तरच यादी हलणार. कुठल्याशा शहरात अगदी माझ्याच विषयाची एक व्यक्ती दोन होकारांमध्ये अडकून बसली आहे, अशी मी कल्पना करते, आणि तिचे भले होवो असे मनापासून म्हणते. फक्त ते भले दुसऱ्या विद्यापीठात व्हावे.

त्या व्यक्तीला ठरवण्यासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत आहे. अमेरिकेतल्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेचा तसा ठरावच आहे: आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावावर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही. हा ठराव मला न्याय्य वाटतो, आणि त्याचा रागही येतो. आपल्याकडे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरवून दिले, उशीर झाला तर अपील ठेवले, अधिकाऱ्याला दंड ठेवला. म्हणजे मुदत टेबलामागच्या माणसाला घातली. तिथली मुदत निवडल्या गेलेल्याला सांभाळते. न निवडल्या गेलेल्याला कधी कळवायचे याविषयी तो ठराव काही सांगत नाही. पुढेमागे संशोधन करायला मिळाले तर यावर एक प्रकरण लिहिता येईल, असे वाटून गेले आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

आज १४ एप्रिल आहे. सकाळपासून चौकात निळे झेंडे लागले आहेत. कोपऱ्यावर मांडव घातला आहे, आणि ध्वनिवर्धकावर कोणीतरी बाबासाहेबांचे चरित्र सांगत आहे: बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ सालचे न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. तिथल्या 'पोलिटिकल सायन्स' नावाच्या विद्याशाखेत त्या काळी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र असे सगळेच नांदत होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने ते १९१७ साली परतले. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्यावर पीएच.डी.ची पदवी हाती आली ती १९२७ साली. वक्त्याने ही दोन्ही वर्षे सांगितली आणि तो पुढच्या प्रसंगाकडे वळला. मी मात्र त्या दोन वर्षांच्या मध्येच रेंगाळले. त्या दहा वर्षांत त्यांनी मूकनायक काढले, लंडनला जाऊन डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आले, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. मी अडीच महिन्यांत आठ पासवर्ड पाठ केले आहेत.

सायंकाळी मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. आईने माझा फोन चार्जिंगला लावून ओट्यावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना दिसेल. घड्याळात साडेसहा झाले होते. मी मनात हिशेब करत होते की तिथली १५ तारीख आपल्याकडे १६ तारखेच्या सकाळी साडेनऊला संपते. बाबांनी बातम्यांचा आवाज कमी केला. मिरवणुकीच्या गलक्यात तो तसाही ऐकू येत नव्हता.

"आज त्यांना सुट्टी नाही ना?"

"नाही."

"मग टेबलावरच आहे फाईल," ते म्हणाले, आणि त्यांनी आवाज पुन्हा वाढवला.