तयार डिपचा पास्ता : जुलैची नोंद

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की रत्नागिरीच्या बाजारात ताजी मासळी मिळणे अवघड होते आणि माझ्या स्वयंपाकघरात पास्त्याचे प्रयोग वाढतात. दुकानातले तयार डिप पास्त्याला सॉस म्हणून लावताना ते नेमके कधी बिघडते, हे या वेळी मी प्रत्येक खेपेला लिहून ठेवले.

मेयोनीजचे लसूण डिप दोनदा कढईत गरम केले आणि दोन्ही वेळा तेल सुटले. मेयोनीजमध्ये तेलाचे बारीक थेंब थोड्याशा पाण्यात धरून ठेवलेले असतात आणि जास्त उष्णतेने ती पकड सुटते. म्हणून आता गॅस बंद करून, पास्ता जरा निवल्यावरच मी ते कालवते. दह्याच्या डिपचेही तसेच, कारण कढी फुटू नये म्हणून आपण लावतो ते बेसन त्यात नसते. चीज डिप मात्र उकळीतही टिकले. त्याच्या लेबलवर आयएनएस ३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट लिहिलेले होते, जे चीजमधला स्निग्धांश वेगळा होऊ देत नाही.

सर्वांत समाधान दिले ते हमसने, म्हणजे वाटलेल्या काबुली चण्यांच्या डिपने. सोडे (सुकवलेली सोललेली कोळंबी) वीस मिनिटे कोमट पाण्यात भिजवून ठेचलेल्या लसणीबरोबर परतले आणि दोघांच्या १६० ग्रॅम स्पॅगेटीसाठी १०० ग्रॅम हमस मंद आचेवर त्यात घातले. काबुली चण्यातला स्टार्च पाणी ओढून घेत असल्यामुळे आधी ते गुठळ्या झालेल्या पिठल्यासारखे दिसू लागले. पास्ता उकळलेले पाणी पळी-पळीने घालत, सतत ढवळत राहिले, तेव्हा तिसऱ्या पळीला गुठळ्या विरल्या, सॉसला चकाकी आली आणि तो स्पॅगेटीला धरून राहिला. लिंबाऐवजी शेवटी चमचाभर कोकमाचे आगळ घातले. डिप, सोडे आणि आगळ तिन्ही खारट असल्याने उकळायच्या पाण्यात लिटरला नेहमीच्या १० ग्रॅमऐवजी ५ ग्रॅमच मीठ घातले होते. तेवढे पुरले, आणखी कमी केले तरी चालेल असे वाटते.

टोमॅटो साल्सा पातळ असतो, एवढेच. पाच मिनिटे आटवला की झाले.

हमसचा उरलेला पास्ता सकाळी वडीसारखा घट्ट झाला होता. दोन चमचे गरम पाणी घालून मंद आचेवर हलवला, तेव्हा तो पुन्हा मोकळा झाला.