स्टेशनजवळ जागा घेऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. गेली दोन-तीन वर्षं लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्याच्या घाटावरसुद्धा कुणीतरी मला बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "सांगलीत स्टेशनजवळ जागा घेऊन ठेवावी का हो?" मी बिल्डर नाही, एजंटही नाही. एकतीस वर्षं आर्किटेक्टांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून काढली. आधी ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेनं, चूक झाली की ब्लेडनं खरवडायची, मग ऑटोकॅड. गावातल्या कितीतरी इमारतींचे जिने मी आधी कागदावर चढलोय. एवढ्या भांडवलावर लोक मला विचारतात, आणि मी प्रत्येकाला उलट विचारतो, "कुठल्या स्टेशनजवळ?"

यात खवचटपणा नाही. मागच्या महिन्यात स्टेशन चौकात, वसंतदादांच्या पुतळ्याजवळ उभा होतो. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. दोन बॅगा, एक पिशवी आणि भडंगाचं पुडकं घेतलेलं एक जोडपं रिक्षातून उतरलं. नवऱ्यानं चारही बाजूंना पाहिलं आणि मला विचारलं, "काका, प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, "इथं प्लॅटफॉर्म नाही." "पण हे स्टेशन ना?" "हा स्टेशन चौक." त्यांना मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस गाठायची होती. रिक्षावाल्याला ते नुसतं "स्टेशन" म्हणाले होते, आणि त्यानं अस्सल सांगलीकराच्या सवयीनं त्यांना चौकात आणून सोडलं होतं. दुसरी रिक्षा करून दिली. गाडी मिळाली की नाही, देव जाणे.

स्टेशन चौकात स्टेशन नाही, पण एकेकाळी होतं. पुण्याहून मिरजेला जाणारी जुनी मीटरगेज सांगलीला बगल देऊन जायची. मग सांगली संस्थानानं १९०७ साली मिरजेपासून सांगलीपर्यंत जेमतेम पाच मैलांचा स्वतःचा फाटा टाकला, तो गावात येऊन संपायचा. पुढं सत्तरच्या दशकाच्या तोंडावर ब्रॉडगेज आली, तेव्हा मुख्य लाईनच सांगलीवरून नेली आणि नवं स्टेशन गावाबाहेर झालं. फाट्याचे रूळ गेले. चौकाला नाव चिकटलं ते चिकटलंच. माझे वडील शेवटपर्यंत आताच्या स्टेशनला "नवं स्टेशन" म्हणायचे. तोवर त्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

आता प्रश्न का वाढलेत ते सांगतो. दुसरा रूळ आला, विजेची इंजिनं आली, स्टेशनं सुधारायच्या अमृत भारत योजनेच्या यादीत सांगलीचं नाव लागलं, वंदे भारत थांबायला लागली. त्यात पुण्यात राहणारी आपली पोरं. माझा भाचा वाकडला असतो. त्यानं तिकडं मेट्रोभोवती काय चाललंय ते रोज बघितलेलं. पुण्यात मेट्रो स्टेशनच्या ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत एफएसआय मिळतो, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम. आपल्याकडं मूळ एफएसआय १.१, त्यावर रस्ता जेवढा रुंद तेवढा प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणारा, आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवायचा. भाच्यानं फोनवर सरळ हिशोब मांडला: "मामा, आज ना उद्या सांगलीलाही तेच होणार. पाचशे मीटरात एखादा प्लॉट बघून ठेव."

त्याचं अर्धं बरोबर आहे. स्टेशनभोवती दाट वस्ती करावी, हे सरकारी धोरणच आहे. केंद्राचं २०१७ सालचं धोरण ५०० ते ८०० मीटर धरतं, म्हणजे पायी दहा-बारा मिनिटं. माणूस घरातून चालत निघेल, गाडीत बसेल, उतरून चालत ऑफिसात जाईल, हा त्यातला विचार. उंच इमारत तिथं होते ती रुळांमुळं नाही, दर चार-पाच मिनिटांनी येणाऱ्या गाडीमुळं. पुण्यात वाढीव एफएसआयच्या प्रीमियमचा एक हिस्सा मेट्रोलाही जातो. म्हणजे जागेची वाढलेली किंमत गाडीच्या खर्चाला.

महाराष्ट्रानं हे मेट्रोच्या कितीतरी आधी करून पाहिलंय. मानखुर्दपासून बेलापूरपर्यंत लोकल नेली तेव्हा ६७ टक्के खर्च नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं उचलला आणि ३३ टक्के रेल्वेनं. १९९२ मध्ये वाशीला लोकल पोचली. आजूबाजूची जमीन सिडकोची होती, म्हणून हे जमलं. वाशी, बेलापूरला स्टेशनच्या डोक्यावरच ऑफिसं आहेत. माझी मेव्हणी तिकडं राहते. ती लोकलमधून उतरते, पुलाखालच्या बाईकडं मेथीची जुडी घेते आणि चालत घरी. मेथी निवडायला बसेपर्यंत पंधरा मिनिटंही होत नाहीत. हे चित्र मला फार आवडतं. पण सांगलीत कुणी रोज गाडीनं ऑफिसला जातं का? कोल्हापूरला पासवर जाणारे थोडे आहेत, तेवढेच. बाकी आपण स्टेशनवर वर्षातून चार-पाच वेळा जातो, तेही रात्रीच्या गाडीला, बॅगा घेऊन, कुणीतरी सोडायला येणार हे गृहीत धरून. अशा जागेच्या शेजारी राहून मिळवायचं काय? हॉर्न?

माझं स्वतःचंही एक प्रकरण आहे, ते लपवत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एक गाळा घेतला. ज्यानं विकला तो नकाशा घेऊन आला होता आणि मी, ड्राफ्ट्समन माणूस, त्याच्यासमोर परकार काढून बसलो. दहा हजार स्केलचा नकाशा, म्हणजे ५०० मीटरला पाच सेंटिमीटर. स्टेशनवर टोक रोवलं, परकार फिरवला, गाळा आत. मोजून साडेचार सेंटिमीटर. एवढ्यावर मी होय म्हटलं. परकाराला रूळ दिसत नाहीत. स्टेशनचं दार अलीकडं, गाळा रुळांच्या पलीकडं, माधवनगरच्या अंगाला. साडेचार सेंटिमीटरच्या मधोमध लोहमार्गाची ती काळी-पांढरी रेघ मी स्वतः शेकडो नकाशांवर काढलेली होती, आणि तीच नेमकी दिसली नाही.

तरी गाळा चालला, कारण वर चिंतामणीनगरचा पूल होता. फरसाणवाला भाडेकरू होता, भाडं वेळेवर द्यायचा. २०२३ मध्ये रुळांच्या दुहेरीकरणासाठी तो पूल पाडला. नवा होईल म्हणाले. झालाही असता लवकर, पण काम ठरल्यापेक्षा बरंच लांबलं. रोज पुलावरून उतरणारी गिऱ्हाईकं वळसा घालून दुसरीकडनं जायला लागली. चौथ्या महिन्यात भाडेकरूनं किल्ल्या आणून दिल्या. "काका, तुमच्यावर राग नाही, पण दिवसाला शंभराचा गल्ला होत नाही बघा." जाताना उरलेली शेव दिली, अर्धा किलो. ती खाताना मला त्या परकाराची आठवण येत होती.

आता तुम्ही म्हणाल, स्टेशन नको तर मग सांगलीत जागा कुठं घ्यायची. सांगलीत जमीन कशानं सरकली ते बघा. कलेक्टर ऑफिस राजवाड्यातून विजयनगरला गेलं, कोर्टही तिकडं गेलं. त्यामागून वकील गेले, वकिलांमागून झेरॉक्सवाले, झेरॉक्सवाल्यांमागून चहा. मिरज रोडच्या दोन्ही बाजूंना आज जे दिसतं ते रेल्वेनं केलेलं नाही.

आणि दुसरं, पाणी. सांगलीत जागा बघायला गेलं की पहिला प्रश्न "स्टेशन किती लांब?" हा नसतोच. पहिला प्रश्न "२०१९ ला पाणी आलं होतं का?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं ऑफिस तेव्हा पेठेत, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही जुन्या ट्रेसिंगचे रोल गच्चीत दोरीवर कपड्यांसारखे वाळत घातले. शाई पसरून भिंतींच्या दुहेरी रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या. एका बंगल्याचं स्वयंपाकघर आणि देवघर एकच होऊन बसलं होतं. सर म्हणाले, "ठेवा हे, पूररेषा कुठवर ते कुणी विचारलं तर दाखवू."

पूररेषा दोन. निळी पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळीपर्यंत नवं बांधकाम नाही. निळी आणि लालच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. म्हणजे दुकान बांधलं तर गिऱ्हाईकानं आत यायला जिना चढायचा. पेठेतल्या धंद्याला हे परवडत नाही.

माझं खरं दुखणं इथं आहे, आणि ते कुणी विचारत नाही. स्टेशनभोवती जे व्हावं असं पुस्तकात लिहिलंय, ते सगळं सांगलीत आधीपासून आहे. एसटी स्टँडपासून मारुती रोड, हरभट रोड, कापडपेठ, गणपती पेठ. खाली दुकान, वर घर, पाच मिनिटांत मंडई, दहा मिनिटांत गणपती मंदिर, गावोगावच्या एसट्या दिवसभर. एकदा एसटीतून उतरलात की रिक्षा लागत नाही. दाट वस्ती करायचीच तर ती इथं, पण इथं पाणी येतं. जिथं पाणी येत नाही तिथं प्लॉट मोठे, रस्ते रुंद, आणि दूध आणायचं तरी गाडीला किक मारावी लागते. पुराच्या नकाशावरची सांगली आणि चालण्याच्या नकाशावरची सांगली एकमेकांवर बसत नाहीत. एकतीस वर्षं दोन्ही ट्रेसिंगं एकावर एक ठेवून मी बघत आलोय.

मग स्टेशनचं काय? व्हायला पुष्कळ वाव आहे. पण डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशावर रेल्वेची हद्द आली की आम्ही तिथं तिरक्या रेघा मारतो आणि रस्ता त्या रेघांपाशी आणून सोडतो. आतलं रेल्वेचं, बाहेरचं महापालिकेचं. अमृत भारतमधून स्टेशनचं दर्शनी तोंड, आवार, पार्किंग सुधारतं; ते चांगलंच. पण प्रवासी आवारात राहायला येत नाही, त्याला बाहेर पडायचं असतं. पहाटे गाडी आली की बाहेर सिटी बस उभी असावी, आवारातून निघालेला फूटपाथ पुढच्या चौकापर्यंत तुटू नये, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना उतरणारा पादचारी पूल असावा. एवढं झालं तर ५०० मीटर खरोखर ५०० मीटर होतील. माझ्या गाळ्यालाही भाडेकरू मिळेल, हा त्यातला स्वार्थ, तो मी कबूल करतो.

भाचा काही ऐकेना. दिवाळीआधी म्हणाला, "मामा, एक प्लॉट बघितलाय, मोबाईलवर स्टेशनपासून ४८० मीटर दाखवतोय." मी म्हटलं, "ये. पण गाडीनं ये, आणि येताना आठवड्याभराचे कपडे घेऊन ये." तो महालक्ष्मीनं पहाटे सहाच्या सुमारास उतरला, ट्रॉली बॅग ओढत. मी स्कूटर घरी ठेवूनच गेलो होतो.

निघालो. आवारातून बाहेर येईपर्यंत बॅगेची चाकं गुळगुळीत फरशीवर मजेत चालली. गेटाबाहेर खडी लागली, चाकं अडली, त्यानं बॅग उचलली. पुढं एका ठिकाणी गटाराचं झाकण नव्हतं, तिथं रस्त्यात उतरावं लागलं, मागून उसाचा ट्रॅक्टर. मग फाटक. आम्ही पोचायला आणि ते पडायला एकच गाठ पडली. मालगाडी होती. भाचा डबे मोजत होता, एकोणचाळीसनंतर सोडून दिलं. फाटक उघडल्यावर दोन्हीकडच्या मोटरसायकली एकदम घुसल्या आणि आम्ही कडेला उभे राहिलो. प्लॉटपाशी पोचलो तेव्हा घड्याळात पाहिलं, तेवीस मिनिटं.

प्लॉट चांगला होता, खोटं कशाला बोलू. चौकोनी, कोपऱ्यावरचा, शेजारी कडुनिंब. मालक अजून यायचा होता. भाच्यानं बॅग खाली ठेवली, तळहात पाहिला, आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांकडं बघत विचारलं, "मामा, इथनं रिक्षा मिळते का?"