पीप साइटची रिंग, चाळिशीचा डोळा आणि अर्धा नंबर

एअर रायफलवर नेम धरायला ओपन साइटवरून (मागे खाच, पुढे काडी) पीप साइटवर (मागे बारीक भोक, पुढे गोल रिंग) यायचं ठरवलं तेव्हा रेंजवर निम्म्या लोकांचं म्हणणं एकच होतं: स्कोप लाव आणि मोकळा हो. चाळिशी लागल्यापासून मला पुढची साइट धूसर दिसते, त्यामुळे सल्ला काही वावगा नव्हता. पण आयएसएसएफच्या, म्हणजे नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमात १० मीटर एअर रायफलवर दुर्बीण चालतच नाही. आणि नुसतं मजेसाठी लावायचा म्हटलं तरी बाजारात सहज मिळणारे बरेच स्कोप १०० यार्डांच्या हिशेबाने जुळवलेले असतात. १० मीटरवर टार्गेट पुसट, आणि डोळा जरा सरकला की स्कोपमधला नेमाचा क्रॉसही सरकतो. घरातल्या जुन्या स्प्रिंगवाल्या रायफलवर तर नकोच. ती मागे आणि पुढे असा दोन्हीकडून झटका देते, त्यात भले भले स्कोप खिळखिळे होतात.

आजोबांच्या बाराबोर बंदुकीला नळीच्या टोकावर पितळेचा एक मणी होता, बस. मागची साइट म्हणजे स्वतःचा डोळा. गाल दर वेळी त्याच जागी टेकला नाही की छर्रे वर नाहीतर खाली. १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, बंदूकही कधीच जमा केली. पण गालाचं ते गणित पीप साइटलाही तसंच लागू आहे. माझी मान लांब, त्यामुळे डोळा साइटच्या वर राहायचा आणि मी मान वाकवून खाली जायचो. नाशिकमधल्या सातपूरच्या एका टर्नरकडून अ‍ॅल्युमिनियमचे दोन ठोकळे करून घेतले, एक पुढच्या साइटखाली, एक मागच्या. मान सरळ झाली आणि अर्ध्या तक्रारी तिथेच संपल्या.

आता पुढच्या साइटमधली रिंग, जिच्या आत टार्गेटचा काळा गोल धरायचा. माझ्याकडे ३.४ मिमीची होती. टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा, अंतर १० मीटर. माझ्या डोळ्यापासून पुढची साइट साधारण ९० सेंटिमीटर. म्हणजे रिंगच्या जागी तो गोल सुमारे २.७५ मिमीचा भासतो. ३.४ च्या रिंगमध्ये चहूबाजूंनी पांढरं उरतं ते जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. रायफल थोडी डुलली की काळं कडेला चिकटतं, मग गोल मधोमध आणायचा हट्ट सुरू, शॉट लांबतो, हात थकतो. ४.० ची घातली तर पांढरा पट्टा जवळपास दुप्पट होतो. पहिल्यांदा बघताना सगळं ढिलं वाटतं, पण डोळा गोलात गोल आपसूक मधोमध बसवतो. माझे ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचे पुंजके, लहान झाले ते इथे. बारीक रिंग म्हणजे अचूक नेम, हा समज रेंजवर अजून पक्का आहे, आणि मला तो पटत नाही.

धूसरपणा मात्र रिंगने जाणार नव्हता. रायफल घेऊन चष्म्याच्या दुकानात कोण जाणार? ९० सेंटिमीटरची लाकडी पट्टी घेतली, तिच्या टोकाला पुढच्या साइटची नळी टेपने चिकटवली आणि कॅनडा कॉर्नरजवळच्या दुकानात गेलो. समोरच्या खांबावर ३०.५ मिमीचा काळा गोल छापलेला कागद लावला. पोरगा म्हणाला, “काका, वाचायचा चष्मा हवाय ना?” आणि +१.५० ची लेन्स पुढे केली. तिने ६५-७० सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं, आपल्याला ते नको. ९० सेंटिमीटरला लागतो १.१ नंबर, १० मीटरला ०.१, मध्य धरला तर ०.६. म्हणून लांबच्या नंबरात +०.५० मिळवून बघितलं. रिंगची कड काळीभोर, टार्गेट किंचित मऊ, पण गोलच. उरलेली कसर मागच्या साइटमधल्या आयरिसचं, म्हणजे लहान-मोठ्या करता येणाऱ्या झडपेचं, छोटं भोक भरून काढतं.

ते भोक किती ठेवायचं यावर अजून घोळ चालू आहे. नाशिकमध्ये शिकलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, तेव्हापासून आमच्या रेंजवर पोरांची झुंबड. मला लेन मिळते ती संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात. आयरिस १.१ मिमीवर ठेवला तर चित्र धारदार पण काळोखं, १.४ वर उजेड भरपूर, पण रिंगची कड पुन्हा मऊ. सध्या १.२ वर आहे. डावा डोळा मिटणं सोडलंय, त्याच्यासमोर नियमात बसणारी ३० मिमी रुंदीची पांढरी पट्टी लावतो. तिच्यामुळे चेहरा आवळला जात नाही.

पावसाळ्यात उजेड आणखी कमी होईल. तोवर साइटवर लावायचा पिवळा फिल्टर कुणाकडून तरी उसना आणून बघणार आहे. कुणी ट्यूबलाइटखाली तो वापरला असेल तर आयरिस किती ठेवला होता तेवढं सांगा.