अपोस्टीलपेक्षा सहीखालच्या नावानं दमवलं

नवरा नेदरलँड्सला आइंडहोवनमध्ये नोकरीला. मला तिकडं जायचं तर लग्नाचा दाखला आणि माझा जन्मदाखला, दोन्ही अपोस्टील करून हवे होते. अपोस्टील म्हणजे आपला कागद खरा आहे याची परदेशात चालणारी सरकारी खूण, आधी राज्याचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. व्हिसाला लग्नाचा लागतो आणि तिथं पोचल्यावर नगरपालिकेत नाव घालताना जन्माचाही मागतात. लग्नाचा दाखला कोल्हापूर महापालिकेतून मिळाला, विनात्रास. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अडलं सगळं जन्मदाखल्यावर. माझा जन्म आजोळचा, त्यामुळं नोंद जिल्ह्यातल्याच दुसऱ्या गावात. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. आईनं जपून ठेवलेला दाखला हातानं लिहिलेला, नुसत्या मराठीत आणि वर लॅमिनेशन केलेला. डच सरकारला कागद डच, इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मनमध्ये लागतो, नाहीतर अधिकृत भाषांतर जोडावं लागतं. आणि अपोस्टीलचा स्टिकर मूळ कागदाच्या मागच्या बाजूला चिकटवतात, म्हणून लॅमिनेशन चालत नाही. तेव्हा मराठी-इंग्रजी छापील दाखला नव्यानं काढायचा ठरला.

दाखला मिळाला. खाली सही होती आणि सहीच्या बरोबर डोक्यावर गोल शिक्का हाणलेला. जांभळी शाई इतकी पसरलेली की सहीचं वळण दिसेना. सही करणाऱ्याचं नाव कुठंच नाही, नुसतं ‘निबंधक, जन्म-मृत्यू’. कसबा बावड्याला कोर्टाजवळ नोटरी करून घेतली, कागद मुंबईला मंत्रालयात गेला आणि तसाच परत आला. सही कुणाची आहे ते कळत नाही, हे कारण. मुंबईचं मला चूक वाटलं नाही. दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याची सही तिथल्या नमुना सहीशी ताडून बघतात, मगच राज्याचा शिक्का बसतो. जी सही वाचताच येत नाही ती ताडणार कशाशी?

खरा मनस्ताप यानंतरचा. पुन्हा गावच्या कार्यालयात गेले.

“आम्ही असंच देतोय ताई, आजवर कुणाची तक्रार न्हाई,” टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले.

“माझी आहे की. नावाचा शिक्का मारून दुसरा द्या.”

“सायेब फिरतीवर हाईत. सोमवारी या.”

सोमवारी साहेबांना मीटिंग. पुढच्या खेपेला ट्रेनिंग. त्यानंतर बदली झालेली आणि चार्ज शेजारच्या गावच्या साहेबांकडं. ते आले, पण म्हणाले, “आधीच्यांनी दिलेल्या दाखल्यावर मी सही कशी करू?” जुना कागद दुरुस्त करायला मी सांगतच नव्हते. नोंद वहीत आहे, नवा दाखला द्या, एवढंच मागणं होतं. हे सांगून सांगून घसा सुकला.

बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा बसलेले असायचे. बायकोच्या मृत्यूचा दाखला हवा होता त्यांना. दर वेळी तीच पिशवी, त्यात रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला. त्यांनाही “उद्या या” हेच उत्तर. माझं तिकीट लांबेल एवढंच, पण त्या माणसाचा एसटीचा खर्च आणि अख्खा दिवस जात होता. मला त्याचा फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

वाट दाखवली आमच्या गल्लीतल्या निवृत्त तलाठी काकांनी. “तोंडी बोलू नकोस पोरी. लेखी दे आणि पोच घे.” अर्ज त्यांनीच सांगितला, मी लिहिला. नवा दाखला द्यावा, सही स्पष्ट असावी, खाली नाव आणि हुद्द्याचा शिक्का बाजूला असावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 चा उल्लेख मुद्दाम घातला. त्या कायद्यात सेवा मुदतीत द्यायची असते, वर अपील करता येतं आणि सबळ कारण नसताना टाळाटाळ केली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. खिडकीवर म्हणाले, “ठेवून जावा.” मी आवक क्रमांक आणि शिक्का माझ्या प्रतीवर पडेपर्यंत हलले नाही. त्यानंतर कुणी सोमवार सांगितला नाही. दाखला मिळाला, जसा हवा तसा. तोच अर्ज आजोबांनाही लिहून दिला आणि त्यांचीही पोच घेऊनच तिथून निघाले.

म्हणून सांगते, खिडकी सोडण्याआधी दाखला उजेडात धरून बघा. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख आणि आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का ते. अपोस्टील मूळ कागदावरच होतं, तेव्हा दोन-तीन मूळ प्रती एकदमच घ्या.

पुढचं सगळं सुरळीत झालं. नोटरी, मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय. हे मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. पण त्यासाठी दिल्ली गाठायला नको, 2019 पासून मुंबईतही होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबईत. अपोस्टीलची सरकारी फी कागदामागं 50 रुपये, वर एजन्सीचा आकार. एजंटनं मोठी रक्कम सांगितली तर त्यातले किती धावपळीचे, हे सरळ विचारा. आणि जन्मदाखल्यावरची सही वाचता येत नसेल तर एजंटही काही करू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा.

स्टिकरवर नंबर असतो, तो ऑनलाइन तपासता येतो. कागद हातात आल्यावर पहिलं तेच केलं आणि नंबर जुळल्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा निवांत जेवले.

राहिलंच. हे फक्त हेग करारातल्या, म्हणजे अपोस्टील मानायचं ठरवलेल्या देशांसाठी. करार 1961 चा, भारतात लागू झाला 2005 मध्ये. दुबईला जाणाऱ्यांनी यात पडू नये, यूएई करारात नाही, तिथं वकिलातीचा शिक्का लागतो. जर्मनीनं भारताच्या सहभागावर हरकत घेतलेली आहे, त्यामुळं भारताचं अपोस्टील तिकडं चालत नाही. जर्मनीवाल्यांनी पैसे भरण्याआधी त्यांच्या वकिलातीला विचारून घ्यावं.